जुन्या मोटारगाडीसाठी इंजिन ऑइल कसे निवडावे

जुन्या गाडीच्या इंजिनात कोणते ऑइल घालावे असे विचारले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: इंजिन जुने आहे, तेव्हा जरा घट्ट ऑइल घाला. या सल्ल्यात थोडे तथ्य आहे. परंतु इंजिनाची अवस्था न पाहता तो पाळला, तर धडधाकट इंजिनातही गाडी सुरू केल्यावर वंगण उशिरा पोहोचते आणि झिजलेल्या इंजिनातला खरा दोष काही महिने झाकला जातो. दुसऱ्या टोकाला, सर्वांत महाग आणि सर्वांत नवे ते सर्वांत चांगले असे मानून अगदी पातळ आधुनिक ऑइल चाळीस वर्षांपूर्वीच्या इंजिनात ओतणारेही असतात. ते ऑइल वाईट नसते, पण ज्या इंजिनासाठी ते तयार केले आहे त्याची घडण निराळी असते. म्हणून निवडीचा क्रम आधी ठरवून घ्यावा. इंजिन मुळात कोणत्या ऑइलसाठी बनवले होते हे प्रथम पाहावे, ते आज कोणत्या अवस्थेत आहे हे तपासावे, त्यावरून दाटपणा ठरवावा, मग ऑइलचा दर्जा आणि त्यातील घटक पाहावेत, आणि कंपनीच्या नावाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

मूळ पुस्तिका कशी वाचावी

गाडीसोबत आलेली मालकाची पुस्तिका किंवा दुरुस्तीची पुस्तिका मिळाली तर अर्धे काम झाले असे समजावे. तिच्यात बहुधा हवेच्या तापमानानुसार ऑइलच्या ग्रेडचा तक्ता असतो, आणि तो तक्ता इंजिन आखणाऱ्यांनी बेअरिंगमधील फट, ऑइल पंपाची क्षमता व टॅपेटची (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवणाऱ्या भागाची) रचना लक्षात घेऊन केलेला असतो. गाडीत पूर्वी कधी दुसरे इंजिन बसवले असेल, तर गाडीची नव्हे तर त्या इंजिनाची पुस्तिका पाहावी. ही साधी गोष्ट अनेकदा राहून जाते.

फार जुन्या पुस्तिकांमध्ये अडचण अशी येते की त्यांत हिवाळ्यासाठी एसएई २० (एसएई ही दाटपणाचे ग्रेड ठरवणारी संस्था) आणि उन्हाळ्यासाठी एसएई ३० किंवा ४० असे एकेरी ग्रेड दिलेले असतात. त्या काळी मल्टिग्रेड, म्हणजे थंडी व उष्णता दोन्हींत चालणारे, ऑइल सर्रास मिळत नव्हते, म्हणून ऋतू बदलला की ऑइलही बदलावे लागे. आज अशा पुस्तिकेचा अर्थ लावताना उन्हाळ्याचा आकडा हा तापलेल्या इंजिनाला हवा असलेला दाटपणा समजावा. उन्हाळ्यासाठी एसएई ३० सांगितले असेल तर १०डब्ल्यू-३० आणि एसएई ४० सांगितले असेल तर १५डब्ल्यू-४० हे सामान्यतः योग्य ठरते. पुस्तिकेत सांगितलेला जुना दर्जा, म्हणजे एसई किंवा एसएफ यांसारखी अक्षरे, आता सहसा मिळत नाहीत. त्यांच्याऐवजी काय घ्यावे हे पुढे पाहू.

आकड्यांचा खरा अर्थ

डब्यावर १५डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते त्यातील डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आहे. त्याच्या आधीचा आकडा थंडीतील वागणूक सांगतो आणि नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहते हे सांगतो. या दाटपणाला शास्त्रीय भाषेत श्यानता म्हणतात आणि ती सेंटिस्टोक या एककात मोजतात. १०० अंशांवर ३० ग्रेडचे ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० ग्रेडचे १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडचे १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक या पट्ट्यात असावे लागते. थंडीच्या आकड्यासाठी इंजिन फिरवताना होणारा विरोध मोजतात: २०डब्ल्यूसाठी ही चाचणी उणे १५ अंशांवर, १५डब्ल्यूसाठी उणे २० वर, १०डब्ल्यूसाठी उणे २५ वर आणि ५डब्ल्यूसाठी उणे ३० वर होते.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून तो नीट उलगडून सांगतो. ५डब्ल्यू-४० हे १५डब्ल्यू-४० पेक्षा पातळ आहे आणि म्हणून जुन्या इंजिनाला चालणार नाही, असे पुष्कळजण मानतात. तापलेल्या इंजिनात ही दोन्ही ऑइले एकाच पट्ट्यात असतात. फरक पडतो तो केवळ थंड असताना, आणि तिथेही ५डब्ल्यू ऑइल प्रत्यक्षात पातळ नसते, ते फक्त कमी घट्ट असते. कोणतेही इंजिन ऑइल थंड अवस्थेत तापलेल्या अवस्थेपेक्षा कितीतरी दाट असते. साध्या १५डब्ल्यू-४० ऑइलची श्यानता ४० अंशांवर सुमारे १०५ ते ११० सेंटिस्टोक असते आणि १०० अंशांवर ती सुमारे १४ वर येते. याचा अर्थ असा की सकाळी सुरू होणाऱ्या इंजिनाला ऑइल पातळ असल्याचा त्रास होत नसतो, ते वाजवीपेक्षा घट्ट असल्याचा होत असतो. थंडीचा आकडा लहान असणे हा जुन्या इंजिनासाठी दोष नाही, हे मनात पक्के करून मगच पुढचा विचार करावा.

मल्टिग्रेड ऑइलमध्ये तापमान वाढले तरी दाटपणा टिकून राहावा म्हणून लांब साखळीचे पॉलिमर मिसळलेले असतात. गिअरच्या दात्यांत किंवा बेअरिंगच्या अरुंद फटीत ते चिरडले जातात, आणि कालांतराने ऑइल आपल्या ग्रेडपेक्षा पातळ होते. दोन आकड्यांमधील अंतर जितके मोठे, तितके असे पॉलिमर साधारणपणे जास्त लागतात, विशेषतः मिनरल, म्हणजे खनिज तेल शुद्ध करून केलेल्या, ऑइलमध्ये. १९५९ साली आलेल्या मूळ मिनी गाडीत गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली त्याच चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठवणाऱ्या तळाच्या भांड्यात, असून इंजिनाचेच ऑइल वापरतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न विशेष तीव्र होतो. अशा रचनेची गाडी असेल तर पुस्तिकेतील ग्रेडपासून ढळू नये आणि ऑइल बदलण्याचे अंतर लांबवू नये.

इंजिनाची आजची अवस्था

पुस्तिका नव्या इंजिनाबद्दल बोलते. आपल्यासमोरचे इंजिन मात्र कदाचित दोन लाख किलोमीटर चाललेले असते, किंवा काम काढून पुन्हा बांधलेले असते. पुन्हा बांधलेले इंजिन वयाने जुने असले तरी त्याच्या फटी नव्यासारख्या असतात आणि सीलही बहुधा आधुनिक रबराचे असतात, म्हणून त्याला पुस्तिकेतलेच ग्रेड द्यावे. न उघडलेल्या इंजिनासाठी मात्र तीन गोष्टी पाहाव्यात आणि त्या वहीत लिहून ठेवाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे इंजिन किती ऑइल खाते. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून डिपस्टिकवर वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरावे आणि हजार किलोमीटरनंतर त्याच पद्धतीने पुन्हा मोजून किती घालावे लागले ते पाहावे. अंदाजाने सांगितलेला आकडा इथे उपयोगाचा नसतो. हजार किलोमीटरला पाव ते अर्धा लिटर ऑइल लागणे जुन्या इंजिनात मी काळजीचे मानत नाही. त्याच्या दुप्पट लागू लागले तर कारण शोधायलाच हवे. खाली ठिपके पडत असतील तर ऑइल जळत नसून गळत आहे, आणि गळतीवरचा उपाय गॅस्केट किंवा सील बदलणे हा आहे.

दुसरी गोष्ट धुराची. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताना, किंवा लांब उतारावर पाय काढून गाडी सोडल्यानंतर पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताना निळसर धुराचा लोट आला आणि मग तो थांबला, तर व्हॉल्व्ह सील कडक झालेले असण्याची शक्यता अधिक. चढावर किंवा जोर लावताना धूर सतत येत असेल तर पिस्टन रिंग आणि सिलिंडर झिजले असावेत. या दोन अवस्थांत ऑइलचा उपाय सारखा नाही. व्हॉल्व्ह सील कडक झालेल्या इंजिनाला, सील पुन्हा थोडे मऊ करणारे घटक असलेले, जास्त किलोमीटर चाललेल्या गाड्यांसाठीचे ऑइल पुष्कळदा मानवते. अशी ऑइले साधारण १,२०,००० किलोमीटरनंतरच्या इंजिनांसाठी विकली जातात. झिजलेल्या रिंगला मात्र कोणतेही ऑइल पुन्हा नवी करत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे तापलेल्या इंजिनातील ऑइलचा दाब. डॅशबोर्डवर काटा असेल तर उत्तमच. नुसता लाल दिवा असेल तर मेकॅनिककडून एकदा गेज लावून मोजून घ्यावा, कारण दिवा लागतो तेव्हा दाब धोक्याच्या पातळीखाली गेलेला असतो. गाडी अर्धा तास चालवून इंजिन पूर्ण तापल्यावर, मंद फिरतानाचा आणि मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांवरचा, असे दोन्ही आकडे घ्यावेत. दर हजार फेऱ्यांमागे सुमारे १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार, हा जुना ठोकताळा पुरेसा उपयोगी आहे, पण पुस्तिकेत आकडा दिलेला असेल तर तोच प्रमाण मानावा.

घट्ट ऑइलचा मोह

दाब कमी दिसला की घट्ट ऑइल घालावे ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहे, आणि ती कधी बरोबर व कधी चूक हे कळण्यासाठी ऑइल इंजिनात कसे फिरते ते समजून घ्यावे लागते. ऑइल पंप दर फेरीला ठरावीक मापाचे ऑइल ढकलतो. ते बेअरिंगच्या फटींतून बाहेर पडताना जो अडथळा होतो त्यामुळे दाब तयार होतो. फट झिजून रुंदावली की अडथळा कमी होतो आणि दाब उतरतो. ऑइल घट्ट केले की अडथळा वाढतो आणि काटा वर चढतो. इथवर सगळे ठीक आहे, आणि म्हणूनच झिजलेल्या पण अजून चालत्या इंजिनाला एक पायरी घट्ट ग्रेड देणे, म्हणजे ३० च्या जागी ४० किंवा ४० च्या जागी ५० देणे, योग्य ठरू शकते.

परंतु पंपाला दाबनियंत्रक झडप असते. थंड आणि अतिघट्ट ऑइलमुळे दाब एका मर्यादेपलीकडे गेला की ती झडप उघडते आणि ऑइलचा काही भाग बेअरिंगकडे न जाता थेट चेंबरमध्ये परततो. त्याच वेळी फिल्टरमधील बगल-झडपही उघडू शकते आणि न गाळलेले ऑइल पुढे जाते. काट्यावर दाब भरपूर दिसतो, पण वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकर आर्म आणि कॅमशाफ्टपर्यंत ऑइल पोहोचायला वेळ लागतो, आणि इंजिनाची झीज मोठ्या प्रमाणात नेमकी याच थंड मिनिटांत होते. बेअरिंगला वंगणाबरोबरच थंडावाही ऑइलच्या प्रवाहातूनच मिळत असतो. दाबाचा आकडा म्हणजे तो प्रवाह नव्हे.

म्हणून दाटपणा वाढवायचा तर तो दुसऱ्या आकड्यात आणि एकाच पायरीने वाढवावा, पहिला आकडा मात्र शक्य तितका लहानच ठेवावा. पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० असेल आणि तापलेल्या इंजिनाचा दाब कमी येत असेल, तर १०डब्ल्यू-४० घ्यावे; थेट २०डब्ल्यू-५० वर उडी मारू नये. जिथे हवा वर्षभर उष्ण असते आणि पारा दहा अंशांखाली जवळजवळ जात नाही, तिथे २०डब्ल्यू-५० वापरण्यात थंडीची अडचण राहत नाही, आणि ज्या जुन्या इंजिनांना पुस्तिकेतच ५० ग्रेड सांगितले आहे त्यांच्यासाठी ते आजही उत्तम ऑइल आहे. जिथे पाणी गोठते अशा थंडीत तेच ऑइल सकाळी इंजिनाला त्रास देईल. ज्या इंजिनांत हायड्रॉलिक, म्हणजे आत ऑइल भरून काम करणारे, टॅपेट आहेत त्यांना अतिघट्ट ऑइल विशेष मानवत नाही, कारण त्या टॅपेटमधील बारीक छिद्रे भरायला उशीर लागतो आणि सुरू केल्यावर बराच वेळ टकटक ऐकू येते.

एक पायरी घट्ट ऑइल घालूनही तापल्यावर दाब उतरतच असेल, तर ऑइलचा विचार तिथेच थांबवावा. बेअरिंग पाहण्याची वेळ आलेली असते, आणि ती पुढे ढकलण्यासाठी आणखी घट्ट ऑइल वापरले तर थोड्या बेअरिंगच्या खर्चात भागणारे काम क्रँकशाफ्ट घासून घेण्यापर्यंत जाते.

जस्त, फॉस्फरस आणि जुने टॅपेट

जुन्या गाडीचा प्रश्न नव्या गाडीपेक्षा खऱ्या अर्थाने वेगळा होतो तो इथे. अनेक जुन्या इंजिनांत कॅमचा उंचवटा सपाट तळाच्या टॅपेटवर घासत जातो. नंतरच्या काळात बऱ्याच इंजिनांत तिथे फिरता रोलर आला आणि घर्षण खूपच कमी झाले, पण सपाट टॅपेटमध्ये अगदी लहान जागेवर व्हॉल्व्ह स्प्रिंगचा सारा जोर येतो आणि ऑइलचा थर तिथे टिकत नाही. अशा जागी धातूला धातू भिडू नये म्हणून ऑइलमध्ये झेडडीडीपी नावाचे, जस्त आणि फॉस्फरस असलेले रसायन घातले जाते. उष्णता आणि दाब यांमुळे ते धातूच्या पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार करते. तो झिजतो आणि पुन्हा तयार होतो.

फॉस्फरसचा एक अंश जळून सायलेन्सरमार्गे बाहेर पडतो आणि वाटेत धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करू लागतो. त्यामुळे पेट्रोल इंजिनांच्या ऑइलमधील फॉस्फरस टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आला. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे एपीआयच्या, दर्जांत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पातळ ग्रेडसाठी ही मर्यादा ०.१२ टक्के होती, नंतर ती ०.१० टक्क्यावर आली आणि २००४ च्या एसएम दर्जापासून ०.०८ टक्क्यावर आली. रोलर असलेल्या नव्या इंजिनाला एवढा फॉस्फरस पुरतो. कडक स्प्रिंग आणि सपाट टॅपेट असलेल्या जुन्या इंजिनाला, आणि नवा कॅमशाफ्ट नुकताच बसवलेल्या इंजिनाला तर विशेषच, तो अपुरा पडू शकतो.

इथे एक बारकावा आहे, आणि तो निवडीच्या दृष्टीने फार सोयीचा आहे. ही कडक मर्यादा ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा इंधन वाचवणाऱ्या पातळ ग्रेडना लागू असते. १०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० या ग्रेडना एपीआयच्या एस वर्गात ती तशी लागू होत नाही, त्यामुळे या ग्रेडमध्ये जस्त-फॉस्फरस पुरेसे असलेली ऑइले तयार करता येतात. जुन्या इंजिनाला बहुधा हेच ग्रेड हवे असतात, म्हणून रोजच्या साध्या जुन्या गाडीच्या मालकाने झेडडीडीपीच्या धास्तीने झोप उडवून घेण्याचे कारण नाही. उत्पादकाच्या माहितीपत्रकात फॉस्फरसचे प्रमाण अनेकदा दिलेले असते, ते ०.१० ते ०.१२ टक्क्यांच्या आसपास असेल तर सपाट टॅपेटच्या साध्या इंजिनाला ते चांगले आहे. ज्यांच्या पुस्तिकेत ३० ग्रेडच सांगितले आहे आणि इंजिन सपाट टॅपेटचे आहे, त्यांनी मात्र जुन्या गाड्यांसाठी खास बनवलेले ३० ग्रेडचे ऑइल शोधावे.

साध्या ऑइलमध्ये वरून जस्ताची बाटली ओतणे मला पटत नाही. ऑइलमधले घटक एकमेकांशी तोलून घातलेले असतात, आणि झेडडीडीपी मर्यादेपलीकडे वाढले तर ते संरक्षण न करता धातूवरच रासायनिक हल्ला करू शकते. रेसिंगच्या ऑइलमध्ये जस्त भरपूर असते, पण त्यातील अनेक प्रकारांत मळ धरून ठेवणारे डिटर्जंट कमी असतात, कारण ते शर्यतीनंतर लगेच बदलायचे असते. रोजच्या गाडीला असे ऑइल वापरू नये.

दर्जाची अक्षरे

एपीआयच्या दर्जात एस म्हणजे पेट्रोल इंजिन आणि सी म्हणजे डिझेल इंजिन असे ढोबळ मानाने धरावे. एसए आणि एसबी हे दर्जे आज कुठे लिहिलेले दिसले तर ते ऑइल गाडीत घालू नये. एसएमध्ये अ‍ॅडिटिव्ह (गुण वाढवण्यासाठी मिसळलेली रसायने) नसतातच आणि १९३० नंतरच्या बहुतेक गाड्यांना ते चालत नाही, तर एसबी १९५१ नंतरच्या गाड्यांसाठी नाही. स्वस्तात मिळते म्हणून जुन्या गाडीला असे ऑइल पुरेल हा विचार इंजिनाला फार महाग पडतो. एसएच आणि त्याआधीचे सर्व दर्जे आता कालबाह्य ठरवले गेले आहेत. एसजे हा दर्जा २००१ पर्यंतच्या, एसएल २००४ पर्यंतच्या आणि एसएन २०२० पर्यंतच्या इंजिनांसाठी आहे. २०२० मध्ये एसपी आला. नवा दर्जा जुन्याच्या जागी चालतो असे तत्त्व आहे, आणि गाळ न साचू देणे व उष्णतेत टिकणे या बाबतींत नवी ऑइले खरोखरच वरचढ आहेत; अपवाद फक्त वर सांगितलेल्या पातळ ग्रेडमधील फॉस्फरसचा. युरोपीय पद्धतीचे दर्जे लिहिलेले असतील, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या पेट्रोल गाडीसाठी ए३/बी४ पाहावा. हे ऑइल १५० अंशांच्या ताणातही पुरेसे दाट राहते. सी अक्षराने सुरू होणारे युरोपीय दर्जे कमी फॉस्फरसचे असतात, त्यांची अशा गाडीला गरज नसते.

डिझेल ट्रकसाठीचे १५डब्ल्यू-४० ऑइल जुन्या पेट्रोल गाडीत वापरण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे आणि ती निराधार नाही. त्यात डिटर्जंट आणि जस्त दोन्ही चांगल्या प्रमाणात असतात. मात्र डब्यावर सी वर्गासोबत एस वर्गाचा दर्जाही छापलेला असल्याची खात्री करून घ्यावी.

मिनरल, सेमी-सिंथेटिक की सिंथेटिक

सिंथेटिक, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने तयार केलेले, ऑइल घातले की जुने इंजिन गळू लागते, ही समजूत पूर्णपणे खोटी नाही आणि पूर्णपणे खरीही नाही. सुरुवातीच्या काळातील काही सिंथेटिक ऑइलमुळे रबराचे सील किंचित आकसत. आजच्या ऑइलमध्ये हा दोष घटकांचा तोल साधून दूर केलेला आहे. तरीही वर्षानुवर्षे कडक झालेल्या सीलभोवती साचलेल्या कीटाने गळती रोखून धरली असेल, तर चांगले डिटर्जंट तो कीट धुऊन काढतात आणि दडलेली गळती उघडी पडते. दोष सीलचा असतो आणि नाव ऑइलचे होते.

टर्बो असलेल्या जुन्या गाडीला सिंथेटिक ऑइल द्यावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमध्ये मिनरल ऑइल जळून कोळसा धरते. अतिथंड प्रदेशातही त्याचा खरा फायदा होतो. पण कार्ब्युरेटरच्या साध्या गाडीचा हिशेब वेगळा आहे. तिथे चोक ओढलेला असताना जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते, कमी अंतराच्या फेऱ्यांत पाण्याचा अंश साचतो, आणि ऑइल स्वतः चांगले असले तरी मळलेले म्हणून बदलावेच लागते. दीर्घकाळ टिकणे हा सिंथेटिकचा मोठा गुण अशा इंजिनात वायाच जातो. त्यापेक्षा योग्य ग्रेडचे चांगले मिनरल किंवा सेमी-सिंथेटिक ऑइल घेऊन ते दर पाच हजार किलोमीटरला, आणि गाडी कमी चालत असली तरी वर्षातून एकदा, फिल्टरसह बदलणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

१९५० च्या सुमारास किंवा त्याआधी बनलेल्या, फिल्टर नसलेल्या इंजिनांबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे. त्यांत डिटर्जंट नसलेले ऑइल वापरले जाई, म्हणजे मळ तळाशी बसावा आणि वेळोवेळी चेंबर खोलून काढता यावा. अशा इंजिनात वर्षानुवर्षांचा गाळ असताना एकदम डिटर्जंटयुक्त ऑइल घातले तर तो सुटून ऑइलच्या वाटा तुंबवू शकतो. आधी चेंबर उतरवून स्वच्छ करावा. तसे शक्य नसेल तर पूर्वीचेच ऑइल चालू ठेवावे.

नवे ऑइल घालताना

ऑइलचा प्रकार बदलत असाल तर पहिल्यांदा भरलेले नवे ऑइल लवकर काढावे, म्हणजे सुमारे हजार-दीड हजार किलोमीटरला, आणि त्यासोबत फिल्टरही बदलावा. ज्या इंजिनाचा इतिहास माहीत नाही त्यात इंजिन फ्लश, म्हणजे आतला गाळ झटपट धुणारे रसायन, घालू नये. एकदम सुटलेला गाळ पंपाच्या जाळीत अडकला तर काही मिनिटांत इंजिन जाते. चांगल्या ऑइलचे दोन-तीन लवकर केलेले बदल तेच काम हळूहळू आणि बिनधोक करतात. फिल्टर घेताना त्यात परतीचे ऑइल अडवणारी झडप आहे याची खात्री करावी, विशेषतः जिथे फिल्टर आडवा किंवा उलटा बसतो तिथे, नाहीतर दर सकाळी फिल्टर रिकामा राहतो आणि इंजिन काही क्षण कोरडे फिरते.

इंजिन कोमट असताना ऑइल काढावे, म्हणजे मळ त्यात मिसळलेला असतो आणि सोबत बाहेर येतो. भरताना पुस्तिकेतल्या मापापेक्षा थोडे कमी घालून, इंजिन दोन मिनिटे चालवून, बंद करून, डिपस्टिक पाहून मग बाकीचे घालावे. वरच्या खुणेच्या वर भरू नये. क्रँकशाफ्ट ऑइलमध्ये बुडू लागला की फेस होतो, आणि फेस झालेले ऑइल बेअरिंगला आधार देत नाही.

काढलेल्या ऑइलकडे पाहिल्याशिवाय ते टाकू नये. दुधाळ रंग आला असेल तर पाणी किंवा कूलंट आत जात आहे. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर कार्ब्युरेटर जास्त इंधन देत आहे किंवा यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा फाटला आहे, आणि तो दोष दूर होईपर्यंत कितीही चांगले ऑइल घातले तरी ते पातळच होत राहील. टिपकागदावर एक थेंब टाकून काही तास ठेवावा. मळ हळूहळू कडेपर्यंत पसरलेला दिसला तर ऑइलमध्ये मळ धरून ठेवण्याची ताकद शिल्लक आहे, मध्येच काळा ठिपका राहून भोवती स्वच्छ वलय दिसले तर ती संपलेली आहे आणि पुढचा बदल लवकर करावा. हातमोजे घालावेत, कारण वापरलेल्या ऑइलचा त्वचेशी दीर्घकाळ संबंध येणे कर्करोगाला कारण ठरू शकते. ते गटारात किंवा मातीत न ओतता झाकणबंद डब्यात भरून वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्यांकडे द्यावे. वहीत तारीख, किलोमीटर, ग्रेड आणि दर्जा लिहून त्याखाली तापलेल्या इंजिनाच्या दाबाचे दोन आकडे नोंदवावेत, म्हणजे पुढच्या वेळी दुकानात डबा हातात घेताना कोणाच्या आठवणीवर विसंबावे लागणार नाही.